आपांनी झोपवलेली यंत्रं

आमच्या ऑफिसात नवीन माणूस आला की त्याला पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगून ठेवावी लागे. दुपारी डबा खाऊन झाला की आपा खुर्चीत बसतील. डोळे उघडे असतील, पण पापणी हलणार नाही. श्वास चाललाय की नाही ते कळणार नाही. घाबरायचं नाही, हाक मारायची नाही आणि हात तर लावायचाच नाही. थोड्या वेळानं त्या आपोआप उठतील आणि कामाला लागतील.

एका नव्या हिशेबनिसाला हे सांगायचं राहून गेलं. त्यानं आपांना तसं बसलेलं पाहिलं, हाका मारल्या, नाकापुढं बोट धरून पाहिलं आणि तो पांढराफटक पडला. शेवटी त्यानं भांडंभर पाणी त्यांच्या तोंडावर मारलं. आपा दचकल्या नाहीत. हनुवटीवरून पाणी ठिबकत असताना त्यांनी नजर तेवढी त्याच्याकडं वळवली आणि शांतपणे विचारलं, "आज नळ आला का रे? एवढं पाणी फेकतोयस ते."

तो माणूस पुन्हा कामावर आला नाही.

ती दुष्काळाची लागोपाठची वर्षं होती. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. धरणाचा साठा तळाला गेला होता आणि नळाची वाट आठवडा आठवडा पाहावी लागे. बीड बायपासला मात्र एकामागून एक इमारती उठत होत्या. मी राहायचे त्या इमारतीला लिफ्ट होती, दारावर वर्दीतला वॉचमन होता, जाहिरातीत पोहण्याचा तलावसुद्धा होता. पाणी तेवढं टँकरनं यायचं. मी मूळची देवगाव रंगारीची. शहरात शिकले आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कंपनीत नोकरीला लागले. तिथं आपा माझ्या वरच्या.

आपा सिल्लोडच्या. वडिलांचा कापसाचा व्यापार होता. घरातली इंजिनिअर झालेली ही पहिली मुलगी. उंच, हाडकुळ्या, डोक्यावरून कायम एक करडी ओढणी. लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलं तर म्हणायच्या, "ज्या दिवशी बघायला आले त्या दिवशी मी झोपले होते." हे त्या थट्टेनं म्हणायच्या की खरंच तसं झालं होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा आणि गांभीर्य एकसारखंच दिसायचं.

आमचं काम असं होतं. गावोगावच्या विहिरींत किती पाणी उरलंय ते एका संस्थेला रोज मोजून हवं होतं. आमच्या मालकांनी त्यासाठी जुने लॅपटॉप घाऊक विकत घेतले. त्यांत लिनक्स घालायचं, गावातल्या शाळेत नाहीतर चावडीत एक लॅपटॉप ठेवायचा, त्यातून एक लांब वायर विहिरीत सोडायची आणि वायरीच्या टोकाला सेन्सर बांधायचा. लॅपटॉपनं रोज सकाळी जागं व्हायचं, पाणी मोजायचं, आकडा आम्हाला पाठवायचा आणि पुन्हा झोपून जायचं. लॅपटॉपच का, तर त्याला स्वतःची बॅटरी असते. गावात लाईट गेली की कधीकधी चार-चार दिवस येत नसे. तेवढे दिवस यंत्रानं बॅटरीवर तग धरला पाहिजे, नाहीतर आकडा तुटायचा. सगळा खेळ वीज वाचवण्याचा होता, आणि त्या खेळात आपांच्या जवळपासही कुणी येत नसे.

लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. यंत्राचा हा आतला कारभारी. तो येतो तोच काही ठरलेल्या सेटिंग घेऊन येतो. आम्ही त्यांना डिफॉल्ट म्हणायचो. त्या सेटिंग जगातल्या कुठल्याही यंत्राला चालाव्यात अशा केलेल्या असतात, त्यामुळं त्या लॅपटॉपच्या बॅटरीची फारशी फिकीर करत नाहीत. दर काही सेकंदांनी कर्नल उठून डिस्कवर लिहितो. कुणी गाणं ऐकत नसलं तरी आवाजाची चिप जागी असते. यूएसबीला काही जोडलेलं असलं की तिथं वीज वाहत राहते. बाहेरून यंत्र स्वस्थ दिसतं, पण आत सारखं कुणीतरी कुणाला तरी उठवत असतं.

"डिफॉल्ट म्हंजे दूर बसलेल्या शहाण्या माणसाचा अंदाज," आपा मला म्हणाल्या होत्या. "शहाणा हाय तो, पण त्याला पिशोरसारख्या गावची लाईट म्हाईत नाय. तरीबी एक सांगते बेटा, त्यानं ते तसं का ठेवलं ते कळल्याबिगर हात लावू नक्को."

आणि त्या लावत नसत. इतर लोक नेटवरून एखादी यादी उतरवून एका झटक्यात सगळी बटणं फिरवत. आपा एक सेटिंग बदलायच्या आणि दिवसभर त्या यंत्राजवळ बसायच्या. झाकण मिटलेल्या लॅपटॉपवर तळहात ठेवायच्या, डोळे मिटायच्या. मग म्हणायच्या, "अजून कुणीतरी जागं हाय आत." आम्ही मोजमाप घेऊन पाहिलं की एखादी चिप नाहीतर एखादं पोर्ट खरोखरच जागं सापडायचं. पंख्याची नाहीतर उष्णतेची जाणीव होत असेल, असं मालक म्हणायचे. असेलही. पण एकदा मी त्यांच्या हाताखाली बॅटरी काढून ठेवलेला लॅपटॉप सरकवला होता, थट्टा म्हणून. आपांनी हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. बराच वेळ त्या बोटं ओढणीला पुसत राहिल्या. "हा झोपलेला नाय," म्हणाल्या. "असं नक्को करत जाऊ. दोन्हीत फरक असतो."

कर्नलमध्ये एक पहारेकरीही असतो. यंत्र कुठं अडकून तर पडलं नाही ना, हे तो सारखा तपासत राहतो. त्यालाही थोडी वीज लागतेच. आपा प्रत्येक यंत्रातला पहारेकरी बंद करायच्या आणि ते करताना पुटपुटायच्या, "सारखा उठून विचारतो, मेलास का, मेलास का. कशी लागंल कुणाला झोप?"

मी त्यांच्या घरी एकदाच गेले. रोशन गेटच्या आतल्या बाजूला एका गल्लीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. दारावर बेल नव्हती; बेलची वायर कापून आत ढकललेली होती. फ्रिजचं दार काठी लावून उघडं ठेवलं होतं आणि आत कपडे होते. भिंतीवरच्या घड्याळात सेल नव्हता. त्यांनी मला चहा दिला, आणि चहा होताच गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवला. मग दुसऱ्या खोलीचं दार उघडलं.

तिथं खिडकीला गोधडी लावलेली होती. जमिनीवर ओळीनं वीस-पंचवीस लॅपटॉप मांडलेले, सगळ्यांची झाकणं मिटलेली. ऑफिसातून बाद झालेले त्या घरी आणत असत. प्रत्येकाचा छोटा दिवा झोपेत उजळतो-मालवतो तसा हळूहळू उजळत-मालवत होता, आणि प्रत्येकाची लय निराळी होती. एखाद्या मोठ्या खोलीत माणसं निजलेली असावीत तसं. आपा दबक्या आवाजात बोलत होत्या.

"हे कशासाठी, आपा?"

"कशासाठी म्हंजे? झोपलेत."

"पण मग बंद का नाही करत?"

त्यांनी दार ओढून घेतलं. "झोपलेल्याला हाक मारता येते. बंद केलेल्याला कुठली हाक?"

खाली उतरल्यावर मला रस्त्यावरच्या गोंगाटाचं बरं वाटलं होतं.

आता ती पिशोरकडची गोष्ट सांगते. आपा म्हटलं की मला तीच आठवते.

पिशोरच्या पलीकडं डोंगराच्या पायथ्याला एक लहानसं गाव आहे. तिथल्या शाळेत आमचा एक लॅपटॉप होता आणि शाळेमागच्या जुन्या विहिरीत त्याची वायर. विहीर आटून वर्ष होत आलं होतं. रोज सकाळी तिचा आकडा शून्य यायचा आणि आम्ही तो न पाहताच पुढं सरकायचो. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या एका सकाळी मी कामावर आले, तर आपा पडद्यासमोर उभ्या होत्या. त्या कधी उभ्या राहून काम करत नसत.

"हा काल दुपारपासून उठतोय," त्या म्हणाल्या.

पाहिलं तर त्या गावाहून एकामागून एक आकडे आले होते. दुपारी, संध्याकाळी, पहाटे. सगळे शून्यच. यंत्र जागं झालं की मोजून आकडा पाठवायचं, एवढंच त्याला ठाऊक. म्हणजे ते पुन्हा पुन्हा जागं होत होतं.

"सेन्सर बिघडला असेल," मी म्हटलं. "नाहीतर उंदीर."

"सेन्सर बिघडला तरी उठवणार कोण? मी त्याला फक्त घड्याळाच्या हाकेला उठायला सांगितलंय. बाकी सगळे कान बंद केलेत. यूएसबीला झोपेत वीजच जात नाय."

मालक म्हणाले, जाऊ द्या, त्या विहिरीत तसंही पाणी नाही. पुढच्या फेरीत बघू. आपांनी ओढणी सारखी केली, ड्रायव्हर शेषरावला हाक मारली आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. मी मागोमाग गेले.

फुलंब्री मागं पडलं. मग अचानक, समोर बघतच, आपा म्हणाल्या, "आमची अम्मी शेवटी कितीतरी महिने बेहोश होती. डॉक्टर म्हणले, आत कुणी नाय. मी म्हटलं, आहे. तुमची विचारायची तऱ्हा चुकतीय." थोड्या वेळानं पुन्हा, "मी नुसता हात धरून बसायचे. बोलायचे नाय, हलवायचे नाय. एक दिवस तिनं माझं बोट दाबलं. एकदाच."

"मग?"

"मग गेली. पण होती आत, हे तर कळलं."

शेषरावनं आरशातून माझ्याकडं पाहिलं आणि गाडीचा वेग वाढवला.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. गावात चिटपाखरू नव्हतं. निम्मी माणसं कामाला बाहेर गेलेली, उरलेली टँकर येतो तिकडं फाट्यावर. शाळेला कुलूप. किल्ली एका घराच्या खुंटीवर होती, ती शेषरावनं आणली. वर्गात बाकांवर धुळीचा थर होता, आणि त्यावर कुणाच्या पावलाचा, हाताचा ठसा नव्हता. कोपऱ्यातल्या कपाटात लॅपटॉप होता, त्याचा दिवा झोपेतला. आपांनी झाकणावर तळहात ठेवला.

तो दिवा आमच्या डोळ्यांदेखत स्थिर झाला. यंत्र जागं झालं.

आपांनी हात उचलला नाही. दुसऱ्या हातानं त्यांनी लॅपटॉपला जोडलेली वायर चिमटीत धरली आणि खिडकीबाहेर, वायर जात होती तिकडं पाहिलं. मग त्या निघाल्या. वायर बोटांतून सरकवत सरकवत, आंधळं माणूस भिंतीला धरून चालतं तशा, व्हरांड्यातून, शाळेला वळसा घालून विहिरीपर्यंत गेल्या.

विहीर जुनी, दगडी. आत कडेकडेनं पायऱ्या उतरत गेलेल्या, निम्म्याहून जास्त ढासळलेल्या. वायर कठड्यावरून आत गेली होती, आणि ती सैल लोंबकळत नव्हती. ताणलेली होती. आपा कठड्याशी गुडघ्यांवर बसल्या, वायर मुठीत धरली आणि डोळे मिटले. त्या दुपारी बसायच्या तशाच बसल्या. ओढणी वाऱ्यानं हलत होती, तेवढंच काय ते. मला त्यांना हात लावून उठवावंसं वाटत होतं आणि लावायची हिंमत होत नव्हती.

मग त्यांचा चेहरा बदलला. कसा ते सांगता येत नाही. त्यांनी काहीतरी ऐकलं आणि पुन्हा एकदा नीट ऐकलं, असं वाटलं. डोळे उघडून त्या म्हणाल्या, "शेषराव, दोर आणा. खाली बाई हाय."

मी वाकून पाहिलं. खाली अंधार होता. डोळे सरावल्यावर दिसलं की तळाच्या बरंच वर, पायऱ्या संपतात तिथल्या एका रुंद दगडावर लुगड्याचं बोचकं पडलंय. त्या बोचक्याचा एक हात वायरीला होता. वायर तिच्याजवळून पुढं आणखी खाली, काळ्या तळात गेली होती.

शेषराव टँकरकडं धावला. टँकरचा दोर आला, चार माणसं आली, आणि जवळच्या माळावर मेंढरं घेऊन उतरलेले दोघं धनगर भाऊ आले. त्या म्हातारीला त्यांनी वरूनच ओळखलं. धुरपदाबाई. तिचे मुलगे कळप घेऊन गोदावरीकडं गेले होते, ती घरी एकटीच होती. कालपासून दिसली नाही तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, लेकीकडं गेली असेल.

दोर बांधला गेला, पण खाली उतरायला कुणी पुढं होईना. सगळे एकमेकांकडं बघत उभे.

"काय झालं?" आपांनी विचारलं.

थोरला भाऊ पागोट्याशी चाळा करत होता. "ह्या हिरीत आमी उतरत नाय, बाई."

"का?"

"उतरत नाय." मग खाली बघत हळूच म्हणाला, "येकलीच हाय का ती? नक्की?"

हा काय प्रश्न, असं मला वाटलं. आपा उठल्या, त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "एकलीच हाय. मी वायरीला हात लावून बघितलंय. खाली दुसरं कुणी नाय. काय झालं तर मी जबाबदार. उतर."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की तो माणूस वहाणा काढून दोर कमरेला बांधू लागला. त्याच्यामागं शेषराव उतरला. आपा तेवढा वेळ कठड्याशी बसून होत्या, आणि वायर त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. कुणी खेचून नेऊ नये म्हणून धरावी तशी धरली होती.

धुरपदाबाई जिवंत वर आली. मांडीचं हाड मोडलेलं, ओठ फुटलेले, आवाज बसलेला. तळाला पाण्याचा झिरा असेल तर वाटीनं खरवडून घागर भरावी म्हणून उतरली होती आणि पायरी सुटली. आदल्या सकाळपासून खाली होती. पाण्याचे दोन घोट पोटात गेल्यावर ती जीपच्या मागच्या बाकावर बोलायला लागली. दवाखान्यापर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

"आजी, बरं झालं तुम्ही वायर ओढत राहिलात," मी म्हटलं. "म्हणून कळलं आम्हाला."

तिनं मान हलवली. "म्या कुठं वढली? माझ्यात जीव हुता का?"

"मग?"

"वायर आपल्याआप वढत हुती. डोळा लागला की हात हालवायची. निजू देत नव्हती मेली. म्या हात सोडवायला बघितला, पर बोटंच उघडंना."

म्हातारी ग्लानीत आहे असं मी धरून चालले. पुढच्या बाकावर आपा होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही, पण कानावरची ओढणी मागं सारली.

ती बरी झाली. काठी घेऊन चालायला लागली. पेपरात बातमी आली, मालकांचा सत्कार झाला. संस्थेच्या लोकांना मात्र एक गोष्ट खटकली. यंत्र न सांगता उठतं म्हणजे दोष आहे, आणि दोष असेल तर सगळ्याच यंत्रांची बॅटरी धोक्यात. तो शोधून दुरुस्त करा म्हणाले.

आपा त्या गावात जाऊन राहिल्या. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली. कधीकधी मी जायचे. त्या वायर हलक्या हातानं ओढायच्या, जोरात ओढायच्या, सेन्सरला दगड बांधून आपटायच्या. लॅपटॉप झोपलेला. सेटिंग मी स्वतः तपासल्या. यूएसबीच्या हाकेला उठायचं नाही असंच तिथं लिहिलेलं होतं, आणि झोपेत त्या पोर्टला वीज जात नव्हती हे मी मीटर लावून पाहिलं. त्या वायरीतून त्याला उठवता येणं शक्यच नव्हतं. आणि आपांच्या सगळ्या खटपटीनंतरही ते यंत्र एकदाही उठलं नाही.

परत आल्यावर त्यांनी मालकांना सांगितलं, "दोष नाय. पण ती विहीर आपल्या कामातून काढा. तिथली वायर मी कापून आत सोडून दिली."

"कापली? ओढून का नाही घेतली वर? सेन्सर होता ना."

"अडकला होता," आपा म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते आमच्या ऑफिसात कुणालाच समजलं नाही. त्यांनी सगळ्या यंत्रांच्या सेटिंग पहिल्यापासून पुन्हा करायला घेतल्या. डिस्कवर लिहिणं आणखी लांबवलं, पडद्याची, आवाजाची, वायफायची, डिस्कच्या जोडणीची, जिथून म्हणून वीज चिमूटभर वाचेल तिथून वाचवली. काही डिस्क फार गाढ झोपवल्या की उठताना लिहिलेलं विसरतात; त्या एक एक करून बाजूला काढल्या. आणि अशी गोळा केलेली सगळी वीज एका ठिकाणी खर्च केली. प्रत्येक यंत्राला विहिरीकडची यूएसबी झोपेतही जागी ठेवायला सांगितलं. वायर हलली की उठायचं. आयुष्यभर एकेक कान बंद करत आलेल्या बाईनं एक कान उघडा ठेवला.

मालक चिडले. "आपा, हिशेब करा. बॅटरी एक दिवस कमी पडतेय. कशासाठी? परत कुणी विहिरीत पडेल म्हणून?"

"पडलं तर?"

"त्यासाठी आपल्याला कुणी नेमलेलं नाही."

"मला म्हाईत हाय," आपा म्हणाल्या. "तुम्ही बदला मग. माझ्या हातानं होणार नाय." महिनाअखेरीस त्यांनी नोकरी सोडली. मालकांनी सेटिंग बदलायला मला सांगितलं, मग कामाच्या गर्दीत विसरून गेले, आणि मीही त्यांना आठवण करून दिली नाही. पुढच्या पावसाळ्यात विहिरी भरल्या आणि ते कामच संपलं. एकही यंत्र पुन्हा अवेळी उठलं नाही.

आपा सिल्लोडला भावाकडं राहायला गेल्या. मी दुसऱ्या कंपनीत लागले, लग्न झालं, शहर पार पैठण रोडच्या पुढं जाऊन पोचलं, शहराचं नाव बदललं. मध्ये एकदा माहेरी देवगावला जायचं होतं, तेव्हा मुद्दाम सिल्लोडवरून गेले. आपा अंगणात खाटेवर बसल्या होत्या. थकल्या होत्या, पण मला पाहून हसल्या. मोबाईल कोणता घेतला, बॅटरी किती चालते, मुलं किती, सगळं विचारलं. भावजयीनं चहा आणला. ती आत गेल्यावर आपांनी आवाज उतरवला.

"बेटा, त्या दिवशी विहिरीवर तू वायरीला हात लावला होतास का?"

"नाही, आपा."

"बरं केलंस."

त्या स्वतःच्या तळहाताकडं बघत होत्या.

"माणसाचा हात वायरीला असला की कळतं. थरथर असते, नाडीची. म्हातारीची होती. अगदी मंद, झोपत चाललेली." त्यांनी कप खाली ठेवला. "आणि एक तिच्या खालून होती. तळाकडून. ती मंद नव्हती. ती ओढत होती, थांबत होती, परत ओढत होती. मी नीट ऐकलं. दोनदा ऐकलं."

"खाली तर काही नव्हतं. शेषराव उतरला होता. टॉर्चच्या उजेडात त्यानं तळ पाहिला. नुसता वाळलेला गाळ होता म्हणाला."

"व्हय. मलाबी तेच म्हणला."

"मग तुम्ही त्या माणसाला सांगितलंत, खाली दुसरं कुणी नाही."

"सांगितलं." आपांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांची पापणी हलत नव्हती. "खरं सांगितलं असतं तर उतरला असता कोण? म्हातारी तिथंच राहिली असती ना, त्याच्याजवळ."

त्याच्याजवळ म्हणजे कुणाजवळ, हे विचारायचं मी टाळलं. मग दुसरंच विचारलं. "पण आपा, ते जे कोण होतं, त्यानं तिला जागंच ठेवलं ना? निजू दिलं नाही. म्हणजे वाईट नसेल."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या, आत भावजय कुणावर तरी ओरडत होती.

"मीबी तसंच धरून चालते," शेवटी त्या म्हणाल्या. "पण ते तिला का जागं ठेवत होतं, ते मला म्हाईत नाय."

बसची वेळ झाली होती. त्या दारापर्यंत आल्या. सिल्लोडहून कन्नडकडं जाणारी बस पिशोरवरून जाते. त्या गावाच्या फाट्यावर ती थांबली. पाऊस चांगला झालेला, दोन्ही बाजूंना मका डोक्याएवढा उभा. डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई चढली, कंडक्टरला म्हणाली की औंदा शाळेमागच्या हिरीला काठोकाठ पाणी आलंय, आन् लई गोड हाय. कंडक्टरनं मागं वळून विचारलं, "कुणी उतरणार हाय का इथं?" मी खिडकीची काच लावून घेतली, आणि बस हलेपर्यंत समोरच्या सीटकडं बघत राहिले.